दहन केले तर चालते का, फादर?



मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात, एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही झगा उतरवत होतो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक ताई सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा होता. घरी काही गोडधोड केले असेल, असे आम्हाला वाटले. डबा पुढे न करता त्यांनी विचारले, "दहन केले तर चालते का, फादर?" कोणाचे, म्हणून आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी डब्याकडे पाहिले.

त्यांचे यजमान पुण्याला बांधकामावर मजुरी करत होते. छातीत कळ आली, दवाखान्यात नेले आणि रात्रीच सर्व संपले. पुण्याहून वाशीम चारशे किलोमीटरहून अधिक. गाडीवाल्याने सांगितलेले भाडे ऐकून सोबतचे मजूर गप्प झाले. गावाकडून कोणी म्हणाले, "जाळू नका, आपल्यात पाप असते." कोणी म्हणाले, "सावकाराकडून उचला, पण माती इथेच द्या." शेवटी सोबत्यांनीच वर्गणी काढून महापालिकेच्या दाहिनीत दहन केले. जवळ चर्च होते, पण फादरांना बोलवावे हे कोणाला सुचले नाही, आणि सुचले असते तरी हिंमत झाली नसती. ताई एसटीने डबा मांडीवर घेऊन परत आल्या आणि चार महिने तो माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे ठेवला. लेकरांनाही सांगितले नाही. "तुमी रागावसान म्हून सांगतलं नाई जी," त्या म्हणाल्या.

चार महिने आपल्याच कळपातील एक विधवा आमच्या रागाच्या भीतीने नवऱ्याची रक्षा लपवून बसली होती. ही चूक तिची नाही, आमची आहे. दर नोव्हेंबरात आम्ही मृतांसाठी प्रार्थना करण्यावर प्रवचन देतो, पण दहनाविषयी वेदीवरून एक शब्द कधी बोललो नव्हतो. म्हणून आजचा हा पाठ.

प्रथम प्रश्नाचे सरळ उत्तर : होय, चालते. कॅथलिक ख्रिस्ती माणसाचे दहन करणे हे पाप नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११७६ मध्ये दफनाच्या पवित्र प्रथेची मनापासून शिफारस केली आहे, आणि त्याच ठिकाणी दहनाला मनाई नाही असेही म्हटले आहे. अट एकच. ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधातील कारणासाठी, म्हणजे पुनरुत्थान नाकारण्यासाठी, दहन निवडलेले नसावे. पैसे नाहीत, अंतर फार आहे, जागा नाही, साथ पसरली आहे, ही कारणे श्रद्धेच्या विरोधातील नव्हेत. गरिबी हे तर नाहीच नाही.

मग आपल्या वडीलधाऱ्यांनी "पाप असते" असे का सांगितले? तेही खोटे बोलत नव्हते. त्यांच्या काळी मनाई खरोखरच होती. एकोणिसाव्या शतकात युरोपात, विशेषतः इटलीत, दहनाचा प्रचार करणाऱ्यांत फ्रीमेसन आणि चर्चविरोधी मंडळी पुढे होती. मेल्यावर काही उरत नाही, हे दाखवायला काहींना दहनाचा उपयोग झाला. म्हणून १८८६ साली रोमने दहनाला बंदी केली आणि १९१७ च्या कायदेसंहितेत ती कायम राहिली. पुढे ते भांडण विझले. माणसे आरोग्य, जागा आणि खर्चाच्या कारणाने दहन करू लागली, तेव्हा १९६३ साली रोमनेच बंदी उठवली. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी बातमी आमच्या खेड्यांपर्यंत पोहोचली नाही, याला काय म्हणावे!

येथे थोडे मागे जाऊन पाहू. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील ल्यों शहरात अनेक ख्रिस्ती रक्तसाक्षी झाले. त्यांना मारून छळणाऱ्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी त्यांची शरीरे जाळली आणि राख रोन नदीत फेकली. हेतू हा, की आता हे कसे उठतात ते पाहू. त्या रक्तसाक्षींचे पुनरुत्थान त्यामुळे अडले, असे ख्रिस्तसभेने कधी एक क्षणही मानले नाही. ज्याने मातीतून आदामाला घडवले, त्याला राख जड जाते का? समुद्रात बुडालेले, युद्धात चिंधड्या झालेले, वाघाने नेलेले, हे सर्व त्याच्या हिशेबात आहेत. आणि पुरलेला देहसुद्धा शेवटी मातीच होतो. आग तासाभरात करते ते माती काही वर्षांत करते, एवढाच काय तो फरक.

तरीही ख्रिस्तसभा दफनाला पहिली पसंती देते, आणि आम्हीही देतो, हे लपवत नाही. आपल्या प्रभूला कबरेत ठेवले होते. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात देहाला पेरलेल्या बियाण्याची उपमा दिली आहे. आपण शेतकरी माणसे, सोयाबीन आणि तूर पेरणारी. ही उपमा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. ज्याची ऐपत आहे, ज्याच्या गावात दफनभूमी आहे, त्याने माती द्यावी हे उत्तमच. मात्र केवळ पुरण्याने कोणी ख्रिस्ती ठरत नाही. आपल्या शेजारचे लिंगायत आणि गोसावी बांधवही दफनच करतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक प्रसंग वाचला होता, तो अशा वेळी हटकून आठवतो. विषाचा पेला घेण्याआधी सॉक्रेटिसला त्याचा मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचे कसे? सॉक्रेटिस हसून सांगतो, मी तुमच्या हाती लागलो तर पुरा हवे तसे. आणि मग सोबत्यांना समजावतो की क्रिटो माझ्या प्रेतालाच मी समजतो आहे. गोष्ट सुंदर आहे, पण आपल्याला ती पुरी पडत नाही. सॉक्रेटिसला देह म्हणजे टाकून दिलेला अंगरखा वाटत होता. आपल्याला तसे वाटत नाही. या देहावर स्नानसंस्काराचे पाणी पडले आहे, या जिभेने ख्रिस्तशरीर स्वीकारले आहे. म्हणून देह पुरावा किंवा जाळावा, पण कचऱ्यासारखा विल्हेवाटीला लावू नये. सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

आणि सॉक्रेटिसपेक्षा आपल्या अधिक जवळची एक आई आहे. संत मोनिका. तिने आफ्रिकेतील आपल्या गावी नवऱ्याशेजारी स्वतःसाठी कबरेची जागा करून ठेवली होती. त्या जागेची तिला मोठी काळजी असे. पण ३८७ साली परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. शरीर गावी नेण्याची गोष्ट मुलाने काढली, तेव्हा तिने नको म्हटले. शरीर कोठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, मात्र प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा, अशा अर्थाचे तिचे मागणे होते. संत ऑगस्टीनने ते नोंदवून ठेवले आहे. पुढे ऑगस्टीनने मृतांच्या काळजीविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की अंत्ययात्रेचा थाट, कबरेची शोभा हे जिवंतांचे समाधान आहे. मृताला उपयोग प्रार्थनेचा, मिस्साबलिदानाचा आणि दानधर्माचा. पुणे, मुंबई, सुरतेला पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांच्या घरच्यांनी ही मोनिका ध्यानात ठेवावी. कर्ज काढून शरीर गावी आणलेच पाहिजे, असे श्रद्धा सांगत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कॅथलिक नव्हते, पण त्यांच्या श्रद्धेविषयी कोणी शंका घेणार नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले आणि रक्षा अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेण्यात आली. पुनरुत्थान नाकारण्यासाठी त्यांनी हे केले, असे कोण म्हणेल?

अलीकडची गोष्ट कोरोनाच्या काळातील. जुलै २०२० मध्ये केरळातील आलप्पुळा या लॅटिन धर्मप्रांतापुढे पेच पडला. समुद्रकाठची जमीन, थोडे खणले की पाणी लागते, आणि साथीत मेलेल्यांसाठी खोल खड्ड्याचा नियम. तेव्हा तेथील महागुरुस्वामींनी धर्मग्रामांच्या दफनभूमीतच दहन करून रक्षा तेथेच पुरण्यास परवानगी दिली आणि त्याच महिन्यात मारारिकुलम येथे पहिले दहन झाले. फादर हजर, प्रार्थना झाली, रक्षा मातीत. वादळ वगैरे काही उठले नाही.

आता रक्षेविषयी, कारण चुका येथेच होतात. १५ ऑगस्ट २०१६ या तारखेचे रोमचे एक पत्रक त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. त्यानुसार रक्षा पवित्र ठिकाणी, म्हणजे दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या जागेत ठेवावी. घरी ठेवू नये. हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरू नये. भावा-बहिणींत वाटून घेऊ नये. लॉकेटमध्ये वगैरे तर मुळीच घालू नये. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने दोन खुलासे केले. अनेकांची रक्षा एकत्र ठेवण्यासाठी कायमची पवित्र जागा करता येते, फक्त प्रत्येकाचे नाव नोंदलेले हवे. आणि मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी रक्षेचा अगदी थोडा अंश ठेवण्याच्या विनंतीचा विचार धर्माधिकारी करू शकतात. हे आपल्या मनाने करायचे नाही, विचारून करायचे.

"पैनगंगेत सोडली तर काय बिघडते?" असे एका तरुणाने आम्हाला विचारले. देवाचे काही बिघडत नाही, बिघडते ते आपले. नदीत सोडलेल्या माणसाची जागा राहत नाही. त्याच्या नातवाला २ नोव्हेंबरला मेणबत्ती कोठे लावायची ते कळत नाही. घरात ठेवलेला डबाही तसाच. एक पिढी जपते, दुसरी माळ्यावर ठेवते, तिसरी घर विकते. दफनभूमीत मात्र ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही सर्वजण मिळून प्रार्थना करतात.

आता खर्चाचे आणि कामाचे बोलू. मृत्यू झाल्याबरोबर, रात्र असली तरी, फादरांना फोन करा. जवळचे फादर म्हणजे जेथे मृत्यू झाला तेथले. पुण्यात मृत्यू झाला तर आम्हाला कळवा, आम्ही तेथील धर्मग्रामाला फोन करू. १९६९ च्या अंत्यविधीच्या ग्रंथानुसार फादर दाहिनीच्या जागीही प्रार्थना म्हणू शकतात. शक्य असेल तर देह चर्चमध्ये आणून मिस्सा व्हावी आणि मग दहन. शक्य नसेल तर दहनाच्या जागी प्रार्थना, आणि मिस्सा नंतर गावी. या मिस्सेसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. कायदेसंहितेचे कलम ११८१ सांगते की अंत्यविधीत माणसामाणसांत भेद होऊ नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. ते कलम आम्हाला बांधणारे आहे, तुम्हाला नाही.

मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्या. कायद्याने त्याला फी नाही. दवाखान्यात झाला असेल तर नोंद कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. अपघात, सर्पदंश, विषबाधा, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि पंचनामा झाल्याशिवाय काहीही करू नका. दहनानंतर पुन्हा तपासायला काही उरत नाही, आणि पुढे विम्यापासून कोर्टापर्यंत सर्व अडते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत किंवा महापालिकेत. ती मृत्यू जेथे झाला तेथेच होते. हे विसरून पुष्कळ जण गावी परततात आणि दाखल्यासाठी पुन्हा पुण्याच्या खेपा मारतात. तीस दिवस उलटले की परवानग्या लागतात, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला जपून ठेवा. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. बांधकाम मजुराची मंडळाकडे नोंदणी असेल तर वारसांना वेगळी मदत असते. त्या ताईंच्या यजमानांनी नोंदणी केली नव्हती. तुम्ही केली आहे का?

लाकडाच्या चितेला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागते. वाळलेले असले तर बरे, पावसाळ्यात ओल्या लाकडावर डिझेल ओतण्यात निम्मे पैसे जातात. नागपुरात शेतातील काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना तेथे मोक्षकाष्ठ म्हणतात, चितेसाठी वापरल्या जातात. तुरीच्या तुराट्या बांधावर जाळणाऱ्या आपल्या जिल्ह्याने याचा विचार करायला हरकत नाही. मोठ्या शहरातील विद्युत किंवा गॅस दाहिनीत दीड-दोन तासांत काम होते. हृदयात पेसमेकर बसवला असेल तर दहनापूर्वी डॉक्टरांकडून काढून घ्यावा, कारण त्याची बॅटरी आगीत फुटते. अंगावर सुती कपडा घालावा, नायलॉन नको. प्लास्टिकची रोझरी हातातून काढून घरच्यांनी ठेवून घ्यावी.

गावातील मोक्षधाम किंवा पंचायतीच्या शेडमध्ये दहन करायचे असेल तर सरपंचांशी आणि गावच्या जाणत्या मंडळींशी आधी बोलावे. आमचा अनुभव असा की दुःखाच्या वेळी गाव आडवे येत नाही, उलट लाकूड वाहायला लोक पुढे येतात. आपण क्रूस घेऊन जावे, आपल्या प्रार्थना म्हणाव्यात, दुसऱ्यांच्या विधीची नक्कल करू नये आणि टिंगलही करू नये.

राख थंड झाल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, ती सावडून मातीच्या झाकणीच्या मडक्यात भरावी. मडके कुंभाराकडून थोडक्यात मिळते, संगमरवरी कलशाची काही गरज नाही. पुरण्यासाठी हातभर खड्डा पुरतो. पूर्ण कबर खणायची तर उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीखालचा मुरूम पहार घेत नाही, आणि पावसाळ्यात कडा ढासळतात. हे खणणाऱ्यांना विचारा.

परदेशात अलीकडे एक प्रकार निघाला आहे. कोणी जमायचे नाही, प्रार्थना नाही, कंपनी देह घेऊन जाते, दहन करते आणि रक्षा घरपोच देते. इंग्लंडात २०२४ च्या सुमारास याचा खर्च सरासरी दीड हजार पौंड होता, तर साध्या अंत्यविधीचा चार हजारांच्या पुढे. तेथे राहणारी आपली मराठी मुलेही यामागे जातात. स्वस्ताईला आमचा आक्षेप नाही. खर्चाला कात्री लावावी, प्रार्थनेला लावू नये. तेथेही चर्च आहे, फोन केला की फादर येतात.

आणि आपल्याकडे उलटाच प्रकार. शवपेटीला पॉलिश, चौकात "भावपूर्ण श्रद्धांजली"चा फ्लेक्स, आणि तेराव्या दिवशी तेरवी नाही म्हणायचे, पण तेवढ्याच पंगती उठवायच्या. बचत गटाचे कर्ज काढून गावजेवण घातलेले घर आम्ही पाहिले आहे. तेथे पुढच्या जूनमध्ये मुलाच्या वह्यांसाठी पैसे नव्हते. चिता महाग पडते अशी तक्रार आम्ही ऐकतो, पण घर बुडते ते बहुधा पंगतीत. नातेवाईक नावे ठेवतील, ही भीती खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. त्यांना सांगा, फादरांनी जेवण घालू नका म्हटले. नाव आमच्यावर घ्या.

त्या ताईंचे पुढे असे झाले. डबा आम्ही त्या दिवशी वेदीशेजारी ठेवला. बुधवारी मृतांसाठी मिस्सा केली. पाऊस असूनही तीसेक माणसे आली. यजमानांच्या वडिलांची कबर आपल्या दफनभूमीत आहे. तिच्या उशाशी बाप्तिस्तांनी, म्हणजे आपल्या घंटा वाजवणाऱ्या काकांनी, हातभर खड्डा खणला. मडके ताईंनीच आणले होते. मोठ्या लेकराने ते खाली ठेवले, धाकट्याने दोन मूठ माती घातली आणि विचारले, "पप्पा इथं हायेत?" आम्ही मृत्यूच्या नोंदवहीत नाव लिहिले, दहनाची जागा पुणे आणि रक्षा ठेवल्याची जागा येथली. नोंद घेणे कलम ११८२ प्रमाणे आमचे कामच आहे. स्टीलचा डबा ताईंना परत द्यायचा की नाही, याचा आम्हाला प्रश्न पडला होता. त्यांनी तो नळावर धुऊन, पुसून आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, चर्चच्या मेणबत्त्या ठेवायला होईल. तो सॅक्रिस्टीच्या कपाटात आहे.

ज्यांच्या घरी अशी रक्षा ठेवलेली असेल, मग ती कितीही वर्षांची असो, त्यांनी मिस्सेनंतर आम्हाला भेटावे किंवा धर्मशिक्षकांकडे निरोप द्यावा. आम्ही कोणालाही काही विचारणार नाही. २ नोव्हेंबरच्या आधी जागा तयार ठेवता येईल.